वफ्र्यातला हाकारा

माझ्या बाबांना मशीनचं दुखणं कानाने कळायचं. कुवेतला, सालमियातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून ते सांगायचे, "खालच्या बकाल्याचा फ्रीज गुरुवारपर्यंत टिकत नाही." आणि बुधवारी बकालेवाला, म्हणजे किराणा दुकानदार, पाघळलेलं आइसक्रीम इमारतभर फुकट वाटत फिरायचा. नोकरी त्यांची शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर होती. तिथे मैदानात खड्डे खणून त्यांत मातीच्या थाळ्या फेकणारी मशीनं बसवली होती. नेमबाजाने वर उभं राहून, बंदूक खांद्याला लावून "पुल!" असं ओरडायचं, की खड्ड्यातून खट् करून बशीएवढी नारिंगी थाळी सुटायची आणि त्याने ती फोडायची. फुटली तर धूर, नाही फुटली तर ती लांब वाळूत जाऊन पडायची, नि नेमबाज बंदुकीला, वाऱ्याला किंवा माझ्या बाबांना शिव्या द्यायचा. सतरा वर्षं बाबा त्या खड्ड्यांतून वाकून काम करत होते. कुडाळहून आलेला सरळ माणूस तिथे स्प्रिंगसारखा वळला, असं आई म्हणायची.

आईने घरात मालवणी बंद केली होती. का, तर पोरीचं इंग्रजी बिघडेल. या वाक्यातला तर्क मला आजतागायत सापडलेला नाही, पण बाबांनी तो निमूट मानला आणि घरात ते पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायला लागले. शुक्रवारी मात्र हा कायदा उंबऱ्याबाहेर राहायचा, कारण शुक्रवारी भिकूकाका आणि त्यांची टोळी जेवायला यायची. सात जण, सगळे आमच्याच पंचक्रोशीतले. कोणी सुतार, कोणी एसी दुरुस्त करणारा, कोणी रंगारी. बायकामुलं गावाला, हे सगळे इथे एका खोलीत. आई सकाळपासून खोबरं वाटायची. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कुकरच्या कुकर भात, आणि भाकऱ्या पुऱ्या पडायच्या नाहीत म्हणून ढीगभर खुबूस. भिकूकाका खुबूस तिखल्यात बुडवून म्हणायचे, "वैनी, ह्या अरबांनी भाकरी बरी केल्यानी, फक्त तिच्या पोटात काय घालूक विसारले." त्या शुक्रवारी आमच्या घराचा आवाज समुद्रापलीकडे जायचा. इराणातून एकदा तक्रार आली होती म्हणतात.

मी बंदूक हातात घेतली ती उन्हामुळे. जुलैतल्या दुपारी रेंजवर चिटपाखरू नसायचं. तापमान साठ अंश असेल. आई हे वाचताना पन्नास म्हणेल, पण आई घरात एसीत होती. सुट्टीत मी बाबांचा डबा घेऊन जायची. मशीन दुरुस्त झालं की थाळी सरळ जाते का हे बघायला वर कोणीतरी उभं लागायचं, आणि "पुल!" ओरडायला माझ्याइतका गळा दुसऱ्या कोणाला नव्हता. पहिली दोन वर्षं नुसतीच ओरडले. मग एका दुपारी रेंजच्या समितीतले एक म्हातारे कुवेती, अबू नासर, गाडीत बसून हे बघत होते, ते उतरले. जुन्या कुवेत्यांसारखं त्यांना मुंबईचं हिंदी येत होतं, कारण त्यांचे वडील गलबतातून खजूर घेऊन मुंबईला यायचे. म्हणाले, "इतना चिल्लाती है, तो मार भी." आणि स्वतःची जुनी बंदूक दिली. पहिल्या दिवशी मी एकही थाळी फोडली नाही, खांदा मात्र वांग्यासारखा झाला. दुसऱ्या वर्षी पंचवीसमधल्या चोवीस फोडायला लागले. पंचवीसही लिहिणार होते, पण बाबा हयात आहेत.

तरीही मी होते मशीनवाल्याची मुलगी. रेंजच्या फळ्यावर नेमबाजांची यादी लागायची. त्या यादीत नाव असेल तरच संध्याकाळी, दिव्यांखाली, सगळ्यांबरोबर उभं राहता यायचं, स्पर्धेत उतरता यायचं. माझं नाव तिथे नव्हतं. मी रोज येता-जाता ती यादी वाचायची, जणू बारावीचा निकाल आहे. अबू नासरनी दोनदा माझं नाव पुढे केलं आणि दोन्ही वेळा त्यांचे मेहुणे अबू फहद यांनी ते खाली बसवलं. अबू फहद देखणे, अत्तर लावणारे, नेम बेताचा. त्यांचं म्हणणं असं, की ही पोर दुपारी बापाच्या मशीनवर फोडते. बाप हिला सोप्या थाळ्या सोडतो. बाबांच्या मशीनबद्दल हे बोलणं म्हणजे पुजाऱ्याला देव खोटा सांगण्यासारखं होतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

याच सुमारास अबू नासरना विलायतेचं वारं लागलं. उन्हाळ्यात ते तिकडे गेले होते आणि तिथे त्यांनी हाकाऱ्याची शिकार पाहिली. बंदूकवाले एका रांगेत आपापल्या खुंटीपाशी उभे, समोर झाडी, झाडीतून माणसं पक्षी उठवत आणतात आणि पक्षी डोक्यावरून जातात. झालं. परत आल्याआल्या त्यांनी वफ्र्याच्या आपल्या शेतावर तितर पाळायला घेतले. वफ्रा म्हणजे दक्षिणेकडचा शेतीवाडीचा मुलूख. टोमॅटो, काकडी, लसूणघास. तिथे एका शेडला एसी लावून त्यांनी चारशे तितर वाढवले. त्या तितरांना दोन वेळ दाणा, हवा थंड, पाणी गाळलेलं. आमच्या इमारतीतले अर्धे लोक तसे राहत नव्हते. आणि मग एक दिवस अबू नासर बाबांना म्हणाले, "शुक्रवारी मुलीला आण. रांगेत उभी राहील. मेहुणा पण आहे. चार पक्षी पाडले, तर यादीत नाव, माझ्या सहीने, आणि मेहुणा गप्प." अबू फहद तिथेच होते. म्हणाले, "चार. कबूल."

बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. "थाळी फोडते तोवर ठीक आहे," ती म्हणाली, "तुकडे झाडायला तुम्ही आहात. जीव फोडला तर कोण झाडणार?" मग बराच वेळ कोथिंबीर निवडून झाल्यावर, "आणि मारलेच तर तिथेच साफ करून आणा. माझ्या मोरीत पिसं नकोत." आमच्या घरात परवानगी अशीच मिळायची.

झाडीत शिरून पक्षी उठवायला माणसं हवी होती. बाबा म्हणाले, हाकारे मी आणतो. ही बाबांची चूक, आणि मी तिला आयुष्यभर नमस्कार करत आले आहे. भिकूकाकांच्या सातही जणांनी गावच्या पारधीत रान उठवलेलं. रानडुकराच्या मागे लागायचं म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. तितराच्या मागे कसं लागायचं हे कळत नव्हतं. शुक्रवारी सकाळी दोन पिकअपमधून ही वऱ्हाडी मंडळी शेतावर उतरली, ती डोक्याला लाल पंचे आणि हातात तुपाचे रिकामे डबे घेऊन. अबू नासरनी समजावून सांगितलं, की काठीने झाडावर हळूच टक टक करायचं, ओरडायचं नाही, रांगेत सावकाश चालायचं, म्हणजे पक्षी एकेक-दोनदोन करून उठतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. अबू नासर वळल्यावर भिकूकाका कुजबुजले, "हळू? हळू हाकारो खंय असता रे? आमंत्रण देवक जातंव काय?" मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू भिया नको गो बाय. आमी आसंव." त्या वाक्याने मला धीर आला. यायला नको होता.

सहा बंदुका, सहा खुंट्या, माझी चौथी. पाचवीवर अबू फहद, उंची जाकीट घालून. अबू नासर स्वतः बंदूक न घेता माझ्या पाठीशी उभे राहिले. समोर दोनशे पावलांवर वारा अडवायला लावलेल्या झाडांची दाट रांग, तिच्यापुढे लसूणघासाचं हिरवं शेत. जानेवारीतली थंडी होती, माझी बोटं बधिर. काय करावं सुचेना, म्हणून जे चार वर्षं केलं तेच केलं: पाय रोवले, बंदूक खांद्याला लावली, श्वास सोडला आणि सगळ्या वफ्र्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "पुल!"

काहीच झालं नाही. एक कावळा उडाला. अबू नासर मागून शांतपणे म्हणाले, "किसको बुला रही है? इधर कोई मशीन नहीं. वो जब आएगा, तब आएगा." पाचव्या खुंटीवर कोणीतरी हसलं, आणि ते कोण हे बघायला मला मान वळवायची गरज नव्हती.

तेवढ्यात झाडीमागून हाकारा सुरू झाला. मी नंतर पुष्कळ गोंगाट ऐकला. मोर्चे ऐकले, जुळ्या नातवंडांबरोबर राहिले. पण तसा आवाज पुन्हा नाही. सात डबे आणि सात गळे, "हो हो हो हुर्र!" आणि मधूनच एक शिवी, जी मी आईच्या राज्यात कधी ऐकली नव्हती. एकेक-दोनदोन कुठले, झाडीने एकदम श्वास सोडावा तसे दोनशे पक्षी एका वेळी वर आले. आकाश तपकिरी झालं. मी बंदूक उचलली आणि दोन्ही बार काढले, आणि दोन्ही रिकामे गेले. थाळी सुटताना वेगात असते आणि मग दमत जाते. तितर सुरुवातीला दमलेला असतो आणि मग वेग घेतो. थाळी पाठ दाखवून पळते, हा थेट तोंडावर येतो. मी जिथे मारत होते तिथून तो कधीच निघून गेलेला. पुन्हा भरली, एक पुढचा धरला, त्याच्या चोचीच्याही बराच पुढे रोखली, आणि तो हवेतच चुरगळला. दुसरा बार, दुसरा पक्षी. दोन! आणि मग मी काय केलं? बंदूक उघडली, काडतुसांची नळकांडी काढून खिशात टाकली, खुंटीपासून एक पाऊल मागे झाले आणि शिस्तीत उभी राहिले. रेंजवर तसंच असतं. दोन बार झाले की बाजूला, पुढच्याची पाळी. माझ्या डोक्यावरून अजून दीडशे तितर चालले होते आणि मी शेजाऱ्याच्या पाळीची वाट बघत होते.

"मार, मार! क्या देखती है?" अबू नासर अंगावरचा झगा, तो जरीकाठी बिश्त, सावरत नाचत होते. मला कळेपर्यंत आकाश रिकामं झालं होतं.

चहाला सगळे बसले तेव्हा मी पहिला पडलेला उचलून आणला. थाळीचा तुकडा गार असतो. हा गरम होता, मोजा नुकताच पायातून काढावा तसा, आणि त्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा कोणीतरी आताच काजळाने ओढल्यासारखा. मी इतकी वर्षं जे फोडत होते ते हेच, असं मला वाटत आलं होतं. ते हे नव्हतं. पाडल्याची फुशारकी होती, नाही म्हणत नाही. पण तो हातात असेपर्यंत मला काही बोलता आलं नाही, आणि मला बोलता न येणं हीच त्या दिवसातली सगळ्यात मोठी घटना होती. मग दुसरा हाकारा झाला. या वेळी पक्षी थोडे आले, आणि भलतीकडून. मी दोन बार मारले, एक पडला. तीन. शेवटचा एक तितर माझ्याकडे येत होता, तोच लाल पंचे झाडीतून बाहेर आले, आणि माणसं समोर आली की बार बंद. भोंगा वाजला, आणि शिकार संपली. तीनवर.

रेतीत ताडपत्री अंथरली होती आणि प्रत्येक खुंटीचे पक्षी वेगळे मांडत होते. पहिलीचे पाच, दुसरीचे सहा. अबू फहद यांचे चार. मी बंदूक पुसण्याच्या निमित्ताने लांब रेंगाळले आणि मग गेले, तर माझ्या खुंटीपुढे नऊ तितर होते. नीट ओळीने मांडलेले, पाय एका दिशेला, आणि मागे भिकूकाका हाताची घडी घालून, मुलीच्या लग्नात उभे असल्यासारखे प्रसन्न.

सगळे जमले. अबू नासरनी नऊ पक्ष्यांकडे पाहिलं. दिवसभर ते माझ्या पाठीशी होते; माझे किती पडले हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. तरी त्यांनी मलाच विचारलं, "कितने?"

आता माझी कीर्ती तुम्हाला एव्हाना कळली असेल. मी लहानपणी शाळेत सांगितलं होतं की आमच्या गच्चीवर उंट आहे, आणि अर्धा वर्ग बघायला आला होता. नऊ हा आकडा माझ्या जिभेवर तयार होता. त्याला कपडे घालून, भांग पाडून झालं होतं. तीन म्हणावं तर यादी गेली, शिवाय बाकीचे सहा कुठून आले? माझी माणसं चोर ठरणार, तेही बाबांनी आणलेली, बाबांच्या साहेबाच्या शेतावर. मी बाबांकडे पाहिलं. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते. अबू फहद माझ्याकडे बघत होते.

"तीन," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"और ये छह?"

भिकूकाका पुढे आले. त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला. "अरबाब, हम चोरी नहीं किया. किसी का नहीं लिया. ये लोग उडता ही नहीं था. झाड के नीचे बैठा था, हमने हात से पकडा. हमारे गाव में हाकारावाले को हिस्सा मिलता है. ये हमारा हिस्सा. हमने अपना हिस्सा लडकी को दिया." आणि मग मालवणीत, बाबांकडे वळून, "हातात गावलो तो सोडूचो कसो, तूच सांग."

अबू नासर खाली बसले. त्यांनी सहातला एक उचलला, मुरगळलेली मान बघितली, पिसांवर फुंकर मारून छर्रा शोधला. नव्हता. दुसरा उचलला. नव्हता. तिसऱ्याला हात लावला, तर तो उठून उभा राहिला. पंख झाडले. पंच्याच्या चिंधीने पाय सैलसर बांधले होते, ती चिंधी ओढत तो ताडपत्रीवरून दोन पावलं चालला, आणि मेलेल्यांच्या रांगेकडे पाहून त्याने अत्यंत नापसंतीचा एक आवाज काढला.

आधी पहिल्या खुंटीचा माणूस हसला, मग सगळेच. अबू फहद नाही. त्यांनी हात वर केला. "हसा. पण चार म्हणजे चार. तिचे तीन आहेत, ती स्वतः म्हणते." मग, मला वाटतं मनापासून, "मी अन्याय करत नाही. हा जिवंत आहे. याला वर सोडा. तिने पाडला तर चार."

सगळे मागे सरले. भिकूकाकांनी चिंधी सोडली आणि तितर दोन्ही हातांत धरून वीस पावलं पुढे गेले. मी एक काडतूस भरलं. याहून सोपा नेम मी आयुष्यात घेतला नव्हता. समोरून सुटणार, पाठ दाखवून जाणार, अगदी थाळीसारखा. बाबांनी मान वर करून पाहिलं. मी ओरडले. भिकूकाकांनी तितर आभाळात भिरकावला आणि स्वतः जमिनीवर पालथे पडले.

तितर वर गेला, हाताच्या उंचीएवढा. तिथे त्याने विचार केला असावा. जन्मभर एसीत बसलेला, दाणा देणारी माणसं ओळखणारा तो पक्षी पंख पसरून खाली उतरला, चालत, अगदी सावकाश, पालथ्या भिकूकाकांना वळसा घालून माझ्यापर्यंत आला आणि माझ्या बुटाच्या लेसला चोच मारायला लागला. मी बंदूक खाली करून उघडली. काडतूस काढलं. पायाशी आलेल्यावर बार काढायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडून मी शिकले त्यांना ते जमलंही नसतं.

"तीन," मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी आवाज व्यवस्थित निघाला.

अबू नासरनी खिशातून डायरी काढली. चष्मा लावला. ते लिहायला लागले तेव्हा अबू फहद त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "तीन पडले," अबू नासर लिहितालिहिता मोठ्याने म्हणाले, आधी अरबीत मेहुण्यासाठी, मग हिंदीत आमच्यासाठी. "एक शरण आया. चार."

अबू फहद यांनी तोंड उघडलं, मग माझ्या बुटाकडे पाहिलं. तिथे चौथा अजून लेस ओढत होता. "शरण आलेला धरायचा असतो," शेवटी ते म्हणाले, "हे खरं." आणि गाडीकडे गेले. यादीत माझं नाव लागलं. त्यानंतर सहा वर्षं होतं. स्पर्धांचं मी वेगळं लिहीन, म्हणजे वाढवून लिहायला जागा मिळेल. पण जिवंत पक्ष्यावर मी पुन्हा बंदूक उचलली नाही. कोणाला तत्त्व वगैरे सांगितलं नाही. म्हणायची, माझा खांदा दुखतो.

परतताना पिकअपमध्ये मी आणि बाबा दोघेच होतो. मागच्या गाडीतून टोळीचं गाणं ऐकू येत होतं. साफ केलेले आठ तितर पिशवीत, नववा माझ्या मांडीवर, आईला काय सांगायचं याचा विचार करत बसलेला.  रुमैथियाच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबांनी इंजिनाकडे कान लावून थोडं ऐकलं, आणि समोर बघतच म्हणाले, "तू नऊ म्हणाली असतीस ना, तर मी मागून म्हणणार होतो, एक मांजराने नेला, दहा होते."